वाचनालयातली एकच स्पॅनिश पाटी

टेक्सासमधल्या एका गावात निम्मी वस्ती स्पॅनिश बोलणारी, पण तिथल्या सरकारी वाचनालयात स्पॅनिश पुस्तक औषधालाही सापडायचं नाही. कोन्सुएलो बारिएन्तोस ही वकीलबाई आपल्या लोकांच्या हक्कांसाठी भांडायची. पुस्तकांसाठी वर्षभर खेटे घालून ती वैतागली आणि वाचनालय समितीच्या जाहीर सभेला आपली सगळी माणसं घेऊन वाचनालयात येऊन थडकली.

समितीचे अध्यक्ष प्रेस्कॉट सारखे घड्याळाकडे बघत होते. खुर्च्या करकरत होत्या, लोकांची चुळबुळ वाढत होती.

“बाई, ती पुस्तकं घेऊन करायचं काय?” अध्यक्ष म्हणाले. “स्पॅनिश वाचणारं कुणी इथे फिरकतच नाही!”

कोन्सुएलोने त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लाल अक्षरांत स्पॅनिश पाटी होती : ‘गप्प बसा.’

“मग ही पाटी कुणासाठी लावलीत?”

“तुमच्याच लोकांसाठी! रोज येऊन बसतात आणि मोठमोठ्यांदा बोलतात,” अध्यक्ष तावातावाने बोलून गेले. सभेत खसखस पिकली. त्यांनी जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता.

“म्हणजे येतात तर!” कोन्सुएलो म्हणाली. “साहेब, या इमारतीत आमच्या भाषेत वाचायला तेवढी पाटीच आहे. ती वाचून वाचून आमची निम्मी हयात गप्प बसण्यात गेली. आता दुसरं काहीतरी वाचायला द्या.”

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. अध्यक्षांनी घंटा बडवून बघितली, पण पुस्तकांचा ठराव होईपर्यंत आता गप्प बसतंय कोण!