ढलपीचा खेळ

एका जंगलातल्या नदीवर पाणमांजरांचा एक कळप राहत असे, आणि त्या कळपात एक नियम होता. पाण्यात उतरायचे ते मासा धरायला, आपापल्या डबक्यात, शेजाऱ्याकडे पाठ करून. कामाच्या पाण्यात खेळ नाही. का नाही, हे विचारायचे नाही.

मुलांनो, त्या कळपात एक धाकटी होती. तिने लहानपणी एकदा "का?" असे विचारले होते. म्होरक्या आजोबांनी तिच्याकडे असे पाहिले, की आसपासच्या चौघांनी माना खाली घातल्या. धाकटीने घातली नाही, पण पुन्हा विचारलेही नाही. पोट भरत होते तोवर नियम चालून गेला.

मग एका उन्हाळ्यात काठची डबकी आटली. होते नव्हते तेवढे मासे नदीच्या मधल्या मोठ्या डोहात जाऊन बसले. तिथे एकट्याने बुडी मारली की मासे सहज बगल देऊन निघून जात. कळप उपाशी पडू लागला. सगळ्यांत वाईट हाल कळपातल्या मावशीचे झाले. तिची पिल्ले नुकतीच जन्मली होती, त्यांचे डोळेही उघडले नव्हते, आणि तिचे दूध आटत चालले होते.

म्होरक्या खडकावर चढला आणि एकजुटीवर भले मोठे भाषण केले. "उद्या सगळ्यांनी मिळून डोहाला वेढा घालायचा," तो म्हणाला. "हयगय चालणार नाही."

वेढा पडला, पण कसा? कळपातल्या काकांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. त्यांना हाक कळली नाही आणि ते भलतीकडेच वळले. सगळे ज्याला भित्रा म्हणत, त्याच्या शेपटीला मागून कुणाचे तरी नाक लागले. त्याला वाटले मगर आली, आणि तो थेट काठावर जाऊन बसला. त्याने सोडलेल्या वाटेने सगळे मासे पसार झाले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, ती वेगळीच.

"बहिऱ्याला मध्ये घेतलं कुणी?" भित्रा काठावरून ओरडला.

"पळपुट्यानं मला बोलू नये," काका म्हणाले.

संध्याकाळी म्होरक्याने निकाल दिला. "इथं आता राहण्यात अर्थ नाही. अमावास्येला आपण धबधब्याखाली जाऊ."

"आणि माझी पिल्लं?" मावशीने विचारले. "ती कातळ कशी उतरतील?"

"पिल्लं पुढच्या वर्षीही होतील," म्होरक्या म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाने मासे मिळत नाहीत, हे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, "आजोबा, अमावास्येपर्यंतचे दिवस मला द्या."

"कशाला?"

"खेळायला."

म्हातारे पोट धरून हसले. "दे रे तिला," एक जण म्हणाला. "नाहीतरी उपाशीपोटी दुसरं काय करायचंय?"

धाकटीने वाळक्या लाकडाची एक ढलपी आणली. काठच्या उथळ पाण्यात मांडलेला हा खेळ सोपा होता. एकाने ढलपी तोंडात धरून रिंगणाच्या मध्ये उभे राहायचे आणि बाहेर निसटायचे. बाकीच्यांनी त्याला निसटू द्यायचे नाही. पहिल्या दिवशी दोघे-तिघेच आले. दुसऱ्या दिवशी काका आले. "बघायला आलोय फक्त," ते म्हणाले, आणि थोड्याच वेळात ढलपी घेऊन चिखलावरून असे घसरत गेले, की मावशीलाही हसू फुटले.

खेळता खेळता एकेक गोष्ट उघड झाली. काकांना डावीकडून हाक मारून उपयोग नाही, पण खांद्याला खांदा लागला की ते विजेसारखे वळतात. भित्रा भित्रा नव्हताच. त्याच्या मागे कुणी नसले की तो सगळ्यांत धीट असे.

"माझी शेपूट एकदा मगरीनं धरली होती," एका दुपारी तो हळूच म्हणाला.

"मग हे आधी का नाही सांगितलंस, गाढवा?" काका म्हणाले.

"विचारलं कुणी?"

काकांनी ढलपी त्याच्यापुढे ढकलली. मग म्हणाले, "चल, ढलपी घे. आज तुला निसटू देत नाही."

अमावास्येच्या सकाळी म्होरक्या निघण्याची हाक देणार, तोच धाकटी आणि तिचे खेळगडी डोहात उतरले. भाषण झाले नाही. भित्रा रांगेच्या अगदी टोकाला राहिला, म्हणजे त्याच्या मागे कुणी येणार नाही. काकांच्या डाव्या अंगाला धाकटी राहिली, खांद्याला खांदा लावून. रांग वाकली, हळूहळू वेढा आवळत गेला. मासे डावीकडे उसळले, तशी धाकटीने काकांच्या खांद्याला धक्का दिला आणि ते तिकडे वळले. मासे टोकाकडे धावले, तिथे भित्रा दात विचकून उभा. शेवटी मासे उथळ पाण्यात येऊन तडफडू लागले. पहिला मासा भित्र्याने नेऊन मावशीसमोर ठेवला.

कळप पोटभर जेवला. धबधब्याखाली जाण्याची गोष्ट कुणी काढली नाही. म्होरक्याने मिशा पुसल्या आणि तो खडकावर चढला.

"छान झालं," तो म्हणाला. "आता वेढा घालायला सगळे शिकले. तेव्हा उद्यापासून ते खेळबिळ बंद. तो वेळही मासे धरण्यात घालवायचा. आपल्यात नियम आहे."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. धाकटी पुढे आली.

"आजोबा, आज भित्रा टोकाला होता. का, ते सांगा."

म्होरक्याने शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिले. त्याने पलीकडच्याकडे पाहिले.

"तुम्हाला ठाऊक नाही," धाकटी म्हणाली. "आम्हाला ठाऊक आहे, म्हणून मावशीची पिल्लं आज जिवंत आहेत. खेळ बंद होणार नाही. उद्या सकाळी आम्ही खेळायला पाण्यात असू. तुम्हालाही यायचं असेल तर या."



तात्पर्य : नुसत्या हुकमाने एकजूट होत नाही. सोबत्यांबरोबर खेळण्यात गेलेला वेळ वाया जात नाही, कारण ज्याला आपण ओळखतो त्यालाच अडचणीत नीट साथ देता येते.