कागदाची खरखर

रंगीत पेन्सिली नव्यानेच आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. अंजनीबाई चित्रं काढायच्या. त्यांच्या फडताळात एकाच गठ्ठ्यातले दोन कागद होते. एकाला दगडाने घोटून गुळगुळीत केलं होतं, दुसरा खरखरीतच राहिला होता.

“शी! काय हे तुझं अंग!” गुळगुळीत कागद त्याला रोज हिणवायचा.

शेवटी खरखरीत कागद दगडाला म्हणाला, “दादा, मलाही घोट.”

“घोटतो. पण उद्या बाई खंड्या पक्षी काढणार आहेत. तेवढं बघ आणि मग सांग.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी गुळगुळीत कागद घेतला. निळ्या पेन्सिलीचा पहिला हात बसला, पण दुसरा घसरला. तिसऱ्या हाताला रंग धरेचना. पंख फिकटच राहिले. मग बाईंनी खरखरीत कागद ओढला. निळ्यावर हिरवा, हिरव्यावर जांभळा, एकेक रंग त्याने धरून ठेवला. खंड्या आता उडेल की काय, असा दिसू लागला.

संध्याकाळी गुळगुळीत कागद हळूच म्हणाला, “दादा, मला पुन्हा पहिल्यासारखा कर ना.”



“मला खरखर काढता येते रे,” दगड म्हणाला, “परत घालता येत नाही.”