साहजिक दुःखाचे औषध

पहाटे जिथे पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते हे कळत नसे, अशा सरोवराकाठी पूर्वी एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह राहत असत. एके सकाळी सुगंधा नावाची स्त्री त्या दोघांना आपल्या घरी घेऊन गेली. तिचा नवरा धाकू नावाडी होता. आज ज्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात, तसा मज्जातंतूंचा आजार त्याला जडला होता. कधी पाय बधिर होत, कधी दृष्टी अंधूक होई. मध्येच उतार पडे आणि व्याधी पुन्हा उचल खाई. वल्हे तर केव्हाच सुटले होते. धाकू भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. हाक मारली, तर झोपेत चालणाऱ्या माणसासारखी कुठून तरी दुरून ओ देई.

वैद्यांनी त्याच्या पायांना हातही लावला नाही. उशाशी बसून हलकेच विचारले, "धाकू, जीव नकोसा होतो का रे?"

सुगंधाने पदर तोंडाला लावला. शिष्य दचकला.

"होतो," धाकू म्हणाला. "पण हिला कसं सांगू?" आणि तो रडू लागला.

वैद्यांनी त्याचा हात धरला. मनाला उभारी देणारे औषध दिले. "याला एकटं सोडू नकोस," ते सुगंधाला म्हणाले. "मी रोज येईन. बोलत बसू."

वाटेत शिष्याने विचारले, "गुरुजी, पाय गेल्यावर माणूस खचणारच. साहजिक दुःखाला औषध कशाला? आणि मरणाचा विषय आपणच का काढलात?"

"तो विचार त्याच्या मनात होताच. मी विचारलं, म्हणून तो त्याच्या एकट्याचा राहिला नाही. अरे, भिजलेल्याला ताप येणं साहजिकच. म्हणून त्याला तापात ठेवतात का? शिवाय ज्या व्याधीनं पायांची वाट अडवली, ती आनंदाचीही अडवू शकते. त्याचा धीर कमी पडला असं नव्हे. पायांकडेही बघू. पण ज्याला उद्याचा दिवसच नको आहे, तो पायांचं औषध कशासाठी घेईल?"

ऋतू पालटला. पायांत पूर्वीचे बळ काही आले नाही. वाईट दिवसही येत राहिले. पण एका सकाळी सुगंधा नाव वल्हवत होती आणि उशांना टेकून बसलेला धाकू तिला वाऱ्याची दिशा सांगत होता.

"मला शिकवू नका," ती म्हणाली, तसा तो हसला. ते हसू पाण्यावरून काठापर्यंत आले.

काठावर शिष्य एका वृद्धेचा जुना संधिवात तपासत होता. तिच्या सुजलेल्या गुडघ्यावरचा आपला हात त्याने अलगद बाजूला घेतला आणि विचारले, "आजी, मन कसं आहे?"