तारीख संपवणारा वकील

एका तालुक्याच्या गावी सुलभाबाई टिपणीस नावाच्या वकील होत्या. कोर्टासमोर एक टेबल टाकून त्यांनी वकिली सुरू केली. बाईंचं नाव झालं, कामं वाढली आणि बघता बघता त्यांच्या ऑफिसात अकरा ज्युनिअर वकील बसू लागले. आता कोण किती काम करतो, हे एकट्या बाईंना कळेना. म्हणून त्यांनी भिंतीवर फळा लावला. कोर्टातली एक तारीख केली की नावापुढे एक रेघ. वर्षअखेर ज्याच्या रेघा सर्वांत कमी, त्याने खुर्ची सोडायची.

फळ्याने कमालच केली! मुदतीचे अर्ज धडाधड पडू लागले. एका तारखेत संपणारं काम पाच तारखांना पुरू लागलं. दिगंबर साबळे या विद्येत इतका तयार झाला, की त्याच्या रेघा फळ्यावर मावेनात. पक्षकार बिचारे भाकरी बांधून यायचे आणि नवी तारीख घेऊन परत जायचे. बाई मात्र रेघा बघून खूश होत्या.

सर्वांत कमी रेघा होत्या हणमंत वाघचौरेच्या. त्याच्याकडे दोन भावांचा दावा आला होता. विहीर एक आणि पाण्याच्या पाळीवरून भांडण. हणमंत रविवारी समोरच्या बाजूच्या वकिलांना घेऊन त्या भावांच्या शेतावर गेला. विहिरीच्या काठावर बसून त्याने दोघांच्या पाळ्या ठरवून दिल्या. पहिल्याच तारखेला तडजोडीचा कागद कोर्टात गेला आणि दावा संपला. फळ्यावर रेघ पडली एकच.

वर्ष संपलं. बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

"हणमंत, तुला फळा दिसत नव्हता का?"

"दिसत होता, बाई. पण तारीख घेतली की माझी एक रेघ वाढते आणि शेतकऱ्याचं एक पाणी चुकतं. मला नाही जमलं ते."

एवढं बोलून तो खुर्चीवरून उठला. तेवढ्यात ते दोघे भाऊ गुळाची ढेप घेऊन दारात उभे राहिले. बाईंनी सवयीने विचारलं, "पुढची तारीख कधीची तुमची?"

भाऊ हसायलाच लागले. थोरला म्हणाला, "तारीख? ती वकीलसायबांनी पयल्याच खेपेला संपवली की! औंदा ऊस दोघांचाबी चांगला आला. पयली ढेप त्यांची."

बाई ओशाळल्या. त्यांनी फडकं घेऊन स्वतः फळा पुसला आणि वर नवा मथळा लिहिला: 'किती पक्षकारांची तारीख संपवली?' मग सगळ्यांचं काम पुन्हा मोजलं. हणमंतचं नाव सर्वांत वर गेलं आणि दिगंबर खाली मान घालून बसला.

"फळा राहणार," बाई म्हणाल्या. "चुकीचं मोजलं ते मी. तेव्हा आज खुर्ची मीच सोडते." त्यांनी हणमंतला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि ताठ मानेने त्या भावांना सांगितलं, "हा माझ्या ऑफिसातला वकील आहे बरं!"

तात्पर्य: काम जरूर मोजावं, पण ज्याच्यासाठी ते करायचं, त्याचं भलं किती झालं हे आधी मोजावं.