धवलसेनरावांना विष कोणी घातलं

"पण तुझा हा सरदार भिंतीला पाठ लावूनच का बसतो?" लिंबाजीबुवांनी विचारलं.

"मागून कुणी येऊ नये म्हणून."

"कोण येणार आहे?"

हैबती गालात हसला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

घाटाखालच्या त्या गावात जत्रेच्या दिवसांत बहुरूप्यांचा एक निराळाच खेळ चाले. सोंग आलं, लोक हसले, सोंग पुढच्या दारी गेलं, असं तिथं नव्हतं. जत्रा उठेपर्यंत सगळं गाव एका कल्पनेतल्या राज्यात नांदायचं. सोनार राजा व्हायचा, कुणी दिवाण, कुणी कोतवाल. बहुरूप्यानं त्यांच्यात एक परका माणूस आणून सोडायचा आणि तो खरा कोण, त्याच्या पोटात काय आहे, हे गावानं रोज संध्याकाळी दरबार भरवून हुडकायचं.

यंदा हैबतीनं सरदार रचला होता. धवलसेनराव मेघगडकर. कुणाच्या हातचा विडा न घेणारा, कुणाच्या सावलीत उभा न राहणारा, जगावर संशय घेणारा माणूस.

लिंबाजीबुवांची नजर आता अधू झाली होती. ते स्वतः सोंग घेत नसत. नदीकाठच्या धर्मशाळेत बसून शिष्यांची सोंगं कानांनी तपासत. हैबती त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य होता, आणि ही गोष्ट हैबतीइतकी कुणालाच पटलेली नव्हती.

त्यानं सरदाराचं मागचं सगळं आयुष्य सांगायला घेतलं. मेघगडावर मोठी पंगत बसली होती. धवलसेनराव तेव्हा तरुण होते, मोकळे होते, हसतमुख होते. त्या पंगतीत त्यांच्या खिरीत विष पडलं. ते वाचले, पण डाव्या हाताच्या दोन बोटांतली जाण कायमची गेली. तेव्हापासून त्यांनी कुणापुढं मान खाली घालून घास घेतला नाही.

"विष कोणी घातलं?"

"ते कुणालाच ठाऊक नाही बुवा. तिथंच तर मजा आहे. ठाऊक नाही, म्हणून तो सगळ्यांवर संशय घेतो."

"तुलाही ठाऊक नाही?"

हैबती मांडीवरच्या पगडीची घडी नीट करू लागला.

"त्याला घरदार दिलंस, गड दिलास. आणि एवढंच द्यायचं राहिलं?" बुवांनी मान हलवली. "ते कळेपर्यंत त्याची पगडी डोक्यावर घेऊ नकोस."

हैबतीनं होकार दिला. पण बाहेर आल्यावर त्याला वाटलं, म्हातारपणी माणूस उगाच भितो. त्याच संध्याकाळी त्यानं तोंडाला सफेदा लावला, मिशी चिकटवली, पगडी चढवली आणि तो दरबारात गेला.

असं सोंग गावानं पाहिलं नव्हतं. सरदार आत आले आणि बोलणी आपोआप थांबली. राजा झालेल्या सोनारानं विडा पुढं केला, तर सरदारांनी तो नुसता बघितला. मग हळूच म्हणाले, महाराजांनी आधी घ्यावा. सोनारानं विडा तोंडात टाकला खरा, पण चावताना त्याला घाम फुटला. विडा त्यानं स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातानं लावलेला होता.

दुसऱ्या संध्याकाळी दरबारात लोक एकमेकांपासून अंतर ठेवून बसले. प्रसादाच्या ताटाला कुणी हात लावेना. माणसं घरी जाऊन मडक्यातलं पाणी वास घेऊन पिऊ लागली. हैबतीच्या कानावर हे सगळं येत होतं आणि तो मनातून सुखावत होता.

मग एके दुपारी त्याची बायको सालू त्याच्यासाठी भाकरी घेऊन आली. सोंग अजून चढवलं नव्हतं. तोंड धुतलेलं होतं, अंगावर रोजचा सदरा होता. सालूनं ताट ठेवलं. हैबती तिच्या हाताकडं बघत राहिला.

"तू आधी खा," तो म्हणाला.

सालूला वाटलं, चेष्टा करतोय. तिनं वर पाहिलं, आणि मग ती हसली नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला. ताट त्याच्याकडं सरकवलं आणि उठून गेली. त्या दिवसापासून ती त्याचं जेवण उंबऱ्यावर ठेवून मागं फिरू लागली.

हैबती त्यावर फारसा विचार करायला तयार नव्हता. सोंगात जीव ओतला की असं थोडंफार व्हायचंच, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

पण पुढं एके सकाळी तो चुलीपाशी बसून सोंगासाठी काजळ धरत होता. कसलासा करपल्याचा वास आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, तवा पाहिला, लाकडं पाहिली. मग खाली पाहिलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निखाऱ्याला टेकलेली होती.

त्याला काहीच लागत नव्हतं.

तेव्हा कुठं त्याला बुवांचा प्रश्न आठवला आणि तो सोंगाच्या आरशापुढं जाऊन बसला. विष कोणी घातलं, हे आता ठरवून टाकायचं, म्हणजे सुटलो, असं त्यानं मनाशी म्हटलं. सरदाराचा धाकटा भाऊ? त्यानं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. आरशातल्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आचारी? नाही. भावजय? नाही. एकेक नाव घेत तो पंगतीतली सगळी पानं फिरला. आरशातला माणूस शांतपणे ऐकत होता, साक्षीदाराचं खोटं ऐकावं तसा.

शेवटी नावं संपली. आणि हैबतीच्या ध्यानात आलं, की आपण मान खाली घातली तरी आरशातली नजर आपल्यावरच आहे. पगडी खुंटीवर होती. मिशी डबीत होती. तरी समोर धवलसेनरावच बसले होते, पाठ भिंतीला लावून.

तो तसाच उठला आणि धर्मशाळेकडं पळत सुटला.

सकाळचं ऊन ओसरीत आलं होतं. बुवा एकटेच बसले होते. पावलं ऐकून त्यांनी हात पुढं केला. हैबती त्यांच्यासमोर टेकला. बुवांनी त्याच्या कपाळावरून, डोळ्यांवरून बोटं फिरवली. धुतलेल्या, उघड्या ओठांवर ती आली आणि तिथं मिशी लागावी तशी चटकन मागं झाली.

"बसा," बुवा अदबीनं म्हणाले. "कधी आलात?"

"बुवा... मी हैबती."

"बोल."

"विष कोणी घातलं ते कळलं."

"कोणी?"

"मी. भावानं नाही, आचाऱ्यानं नाही. ती पंगत मी मांडली बुवा. खीर मी वाढली. तो चांगला हसत होता. त्याला तसाच हसता ठेवला असता तर त्याच्याकडं कुणी बघितलं नसतं. सोंगाला धार यावी, म्हणून मी त्याच्या पानात विष घातलं. आणि हे आता त्यालाही कळलंय."

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"एवढं विष घातलंस," बुवांनी विचारलं, "मग त्याला मरू का दिलं नाहीस?"

"मेला असता तर खेळ कुणाच्या जिवावर चालला असता?"

बुवांनी मान डोलावली. हैबती त्यांच्या पायाशी वाकला. वाकतानाही त्याची नजर दाराकडं होती, आणि पाठ नकळत भिंतीला लागलेली होती.

"बुवा, तो आता माझं काय करील?"

बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"भिऊ नकोस," ते म्हणाले. "तोही तुला मरू देणार नाही."