दगडू कासवाची हजार सीसी

जनावरं मोटारसायकली उडवायची त्या काळात हौसा टिटवी नेहमी म्हणायची, माझं मेलं कुणी खरं मानतच नाही.

दगडू कासव हजार सीसीची गाडी घ्यायला निघाला, तेव्हाही ती बोललीच. "भावजी, चारशेची घ्या. पाय जमिनीला टेकले नाहीत तर थांबणार कसे? माळावर माझी अंडी आहेत."

"चारशेची गोगलगायीनं घ्यावी," म्हणत दगडू हजारावर चढला.

पाय लोंबतच राहिले. थांबलं तर गाडी कलंडणार, म्हणून तो दिवसभर माळावर गरगरत राहिला. शेवटी गाडी थेट अंड्यांवर आली. हौसा पंख पसरून आडवी झाली, दगडूनं हँडल वळवलं आणि चिखलात उताणा पडला.

अंडी वाचली. पंचायत बसली. गाडी चांगली, दगडू तर त्याहून चांगला. मग दोष कुणाचा? उताण्या दगडूनंच नाव सांगितलं: हौसा टिटवी.