सुकुमारचे दोन फ्लॅश

“…मग या दोन्हींतला कुठला ठेवू, अण्णा?”

अण्णांनी मान वर केली नाही. ते मेथी निवडत होते.

नेमगोंडा अण्णा म्हणजे कुरुंदवाडचे जुने फोटोवाले. त्यांच्या हाताखाली पोरं शिकली, मोठी झाली, आणि मोठी झाली की फिरकली नाहीत. सुकुमार त्यातलाच. लग्नाच्या फोटोत जिल्ह्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. गाडीवर नाव, दुकानावर नाव, फोटोच्या कोपऱ्यातही नाव. बऱ्याच वर्षांनी आज आला, तो सरळ उंबऱ्याशी फ्लॅशचे दोन डबे मांडूनच बसला.

“हा स्वतःच उजेड मोजतो,” सुकुमार म्हणाला. “आपण नुसतं बटण दाबायचं. हा दुसरा हातानं लावावा लागतो, पण याची ताकद दांडगी. सांगलीच्या दुकानदारानं दोन्ही वापरून बघायला दिलेत. संध्याकाळी एक परत करायचाय.”

“तू जिल्ह्याचा राजा. मला कशाला विचारतोस?”

“अण्णा, टोमणे नंतर मारा.”

“नंतर कधी? परत येणार हायस व्हय?”

सुकुमारनं पहिल्या डब्याचं झाकण उघडलं.

“कुणाचं लगीन हाय?”

“लग्न नाही…” त्यानं एक डबा उगीच सरळ केला. “आईचा फोटो काढायचाय.”

अण्णांचा हात थांबला.

“बरी हाय न्हवं म्हातारी?”

“दवाखान्यातून घरी आणलंय. आता करण्यासारखं काही नाही म्हणाले. नाकात नळी आहे. मधल्या खोलीत ठेवलंय, तिथं खिडकी नाही… घरात तिचा एक फोटो नाही, अण्णा. सगळ्या जिल्ह्याच्या आयांचे काढले मी. ही कायम म्हणायची, माझा कसला काढतोस, सर तिकडं, भाकरी करपंल. आता उद्या भिंतीवर हार कशाला घालू?”

“म्हंजे फोटो मेल्यावरचाच. फक्त आधी काढायचा.”

असं कुणी तोंडावर बोलतं का? अण्णा बोलायचे. म्हणून तर माणसं यायची थांबली.

 सुकुमारला उत्तर हवं होतं, म्हणून त्यानं ते गिळलं.

“ती डोळेच उघडे ठेवत नाही. हा पहिला आहे ना, हा खऱ्या उजेडाच्या आधी एक बारीक चमक मारतो, अंदाज घ्यायला. तेवढ्यात तिचे डोळे अर्धे मिटतात. म्हणून हा दुसरा आणला, याला आधीची चमक नाही. तर आता मी नुसता कॅमेरा उचलला तरी तोंड आवळून घेते. सोमवारपासून काढतोय. उठलो की काढतो, जेवलो की काढतो. एकातही डोळे धड नाहीत.”

“बल्बवर काढ.”

“पिवळी येते. मढ्यासारखी दिसते.”

“फ्लॅश आढ्याला मार. खाली मऊ उजेड पडंल.”

“आढं धुरानं काळं झालंय. सगळा उजेड गिळतं.”

“बाहेर सोप्यात आण की मग.”

“हलवू नका म्हणालेत.” सुकुमारचा आवाज चढला. “अण्णा, हे सगळं मला येतं! मला एवढंच सांगा, कुठल्यानं डोळे मिटणार नाहीत. गावातल्या सगळ्या मयतांचे फोटो तुम्हीच काढलेत. तुम्हाला नाही तर कुणाला कळणार?”

“मयताला काय कळायचंय? त्येंचे मिटल्यालेच असत्यात.”

कुणी हसलं नाही. अण्णाही नाही.

बाहेरून भंगारवाल्याची हाळी आली, लांब गेली.

अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले. “उचल ते दोन्ही. चल आत.”

आतली खोली एके काळी फोटो धुवायची. आता तिच्यात कांदे. अण्णांनी दार लावून घेतलं. जुना लाल बल्ब अजून जागेवर होता, तो लावला. त्यात माणूस ओळखू येईल, एवढंच दिसायचं.

“झोप.”

“कुठं?”

“पोत्यावर. तुझं अंग काय सोन्याचं हाय?”

सुकुमार आडवा झाला. कांद्याची सालं खाली चुरचुरली.

“माझ्याकडं बघ.”

“बघतोय. पण कॅमेरा…”

“कॅमेरा कशाला?”

अण्णांनी दांडगा फ्लॅश त्याच्या तोंडावर धरला आणि उडवला. मग उजेड मोजणारा. मग परत दांडगा. थांबायचे, फ्लॅश बारीक शिट्टी वाजवत भरायचा, भरला की उडवायचे.

“अण्णा!… अहो अण्णा, बास! बास की!”

“डोळं का मिटतोस? फोटो खराब हुतोय.”

परत उडवला.

सुकुमारनं दोन्ही हात तोंडावर घेतले. जिल्ह्याचा राजा पोत्यावर पाय आखडून पडला होता.

“हात काढ. उघड डोळं. बघ माझ्याकडं.”

“…बघतोय.”

“काय दिसतंय?”

“डाग. हिरवा… मोठा डाग.”

“कुठं हाय?”

“मी बघेन तिथं.”

“माझं तोंड कुठाय?”

“डागाच्या मागं.”

अण्णा वाकले. अगदी जवळ आले. त्यांचा श्वास त्याच्या गालाला लागला.

“आता?”

“नाही दिसत. आवाजावरनं कळतंय तुम्ही आहात म्हणून.”

“बरं.”

 सुकुमार उठून बसला. डोळे चोळत राहिला.

“फोटो काढून झाला की आई काय म्हणती रं तुझी?”

“काय म्हणणार…” तो म्हणाला, आणि थांबला.

लाल उजेडात त्याचे हात मांडीवर पडले.

“विचारते… कोण आलंय म्हणून.”

“मग?”

“मला वाटलं, डोकं काम करेना झालंय. वयच आहे. म्हटलं, म्हणूनच घाई केली पाहिजे…” त्यानं परत डोळे चोळले. “ऐकूही कमी येतं तिला. मी सांगतो की, आई, मी आहे. तर म्हणते… म्हणते, लई लोक येत्यात हितं. कुणीतरी माझ्या सुकुमारला बोलवा. किती दिस झालं, आला न्हाई.”

कांद्याच्या खोलीत वारा कुठून येणार… तरी सालं हलल्यासारखी वाटली.

सुकुमार उठला. फ्लॅश तिथंच राहिले. त्यानं दार चाचपलं, चौकटीला खांदा आपटला, कडी सापडायला वेळ लागला. दार उघडलं तसा बाहेरचा उन्हाचा पट्टा आत पडला. त्या उजेडात तो मागं वळून अण्णांचं तोंड शोधत उभा राहिला.

“अण्णा… हा डाग जाईल ना?”

“तुझा जाईल.”